मामांचा मका आणि गोऱ्या साहेबाचा घोडा

कोळवण खोऱ्यात आजवर जे काही चांगलं झालं ते मक्यामुळे आणि जे वाईट झालं ते भातामुळे, असं मनापासून मानणारा जगात एकच माणूस आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. खोरं सगळं भाताचं. आषाढात कुठेही उभं राहा, चहूकडे भातखाचरंच. त्यात रस्त्याकडेच्या उंचवट्यावर मामांचा दीड एकर मका उभा असायचा, पंगत बसलेली असताना एकट्यानंच उभं राहावं तसा.

लग्नानंतर मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा घास तोंडात जायच्या आतच त्यांनी विचारलं, "जावईबापू, आमच्या गावाला दातांचा डाक्टर कशामुळं आला, ठावं हाय का?" मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यांनी सांगितलंच असतं. पुण्याची माणसं जीपमधून सुट्टीला येतात, मामांच्या शेगडीपाशी थांबून भाजलेलं कणीस खातात, दाण्यांची सालं दातांत अडकतात, म्हणून डॉक्टर आला. गाडी थांबली की चाक बसलेलं ध्यानात येतं, म्हणून पंक्चरवाला आला. चाकाचं काम होईस्तोवर माणसाला बसायला जागा लागते, म्हणून केस कापायचं दुकान आलं. एसटीचा थांबाही मक्यामुळेच. "आन भातानं काय दिलं?" मामा म्हणाले, "कंबरदुखी." मामी ताटात इंद्रायणीचा भात वाढत म्हणाल्या, "जेवू द्या की त्यास्नी." तो भात मामा तीन वेळा वाढून घेत. शत्रूची माहिती असावी लागते, असं त्यांचं म्हणणं.

या साऱ्या इतिहासाच्या मुळाशी एक घोडा होता. कुण्या गोऱ्या साहेबाचा घोडा म्हणे या रस्त्यावर लंगडला. मामांच्या पणजोबांनी पाला बांधून तो बरा केला आणि साहेबानं बक्षीस म्हणून मूठभर मका दिला. घोडा कधी पांढरा असे, कधी तांबडा. एकदा तर मामा गाभण घोडीपर्यंत गेले होते. दाणे भरू लागले की पोपट येत. तेव्हा लोक डबे वाजवतात, पण मामा बांधावर उभे राहून खणखणीत आवाजात हीच हकिगत सांगत, आणि थवाच्या थवा उडून जाई. मामींचं म्हणणं असं की, डब्याची पोपटाला सवय होते, ह्यांची कुणालाच होत न्हाई.

मग आजूबाजूच्या जमिनी विकल्या जाऊ लागल्या. मामांचा मुलगा हिंजवडीत नोकरीला. तो म्हणाला, रस्त्याकडेचा तुकडा आहे, चांगलं गिऱ्हाईक येतंय, देऊन टाकू. मामा त्याला नाही म्हणाले नाहीत. गिऱ्हाईक आलं की ते फक्त म्हणत, "जमीन घ्यायच्या आधी तिची म्हायती नको का?" आणि पणजोबांपासून सुरू करत. पहिला गृहस्थ तर गोष्टीतला साहेब घोड्यावरून उतरायच्या आतच निघून गेला. दुसऱ्यानं नेटानं दोन तास काढले, पण जाताना मामींना हळूच विचारलं, "यांना औषध चालू आहे का?"

तिसऱ्या खेपेला एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या दिवशी मीही तिथंच होतो. बाईंनी खाटेवर बसून सगळं ऐकलं, ऐकता ऐकता चार कणसं खाल्ली, आणि मग शांतपणे विचारलं, "घोडा तुमच्या पणजोबांनी बरा केला, ते कळलं. पण मामा, पहिली पेरणी कुणी केली?"

असा प्रश्न मामांना आजवर कुणीच विचारला नव्हता, कारण इतका वेळ कुणी थांबलंच नव्हतं. त्यांनी शेगडीतले कोळसे उगाच वरखाली केले.

"घोडा-बिडा काय नव्हता, बाई," ते म्हणाले. "मका माज्या आईनं आनला, तिच्या म्हायेरनं. समद्यांस्नी भाताची जमीन, आमच्या वाट्याला ह्यो उंचावरचा तुकडा. पानीच थांबत न्हाई हितं. आई म्हनली, भात न्हाई तर मका. आमी बारा म्हैने मक्याची भाकर खायाचो. शाळंत पोरं मला कणसा म्हनायची. मग मी साहेब आनला."

थोड्या वेळानं मामी म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली लग्नाला. मला बी घोडाच सांगत आला तुमी."

बाई उठल्या. म्हणाल्या, "ही जमीन मी घेणार नाही. पण थोडं बियाणं द्याल का?" मामांनी आढ्याला टांगलेलं एक वाळकं कणीस काढलं आणि सगळे दाणे सोलून त्यांच्या रुमालात बांधून दिले.

जमीन गेल्या वर्षी शेवटी विकलीच. मुलाला घर घ्यायचं होतं, त्यात त्याची काही चूक नव्हती. मामांनी मुकाट्यानं सही केली. नव्या मालकाला साहेबाबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, तेव्हा मामींना काळजी वाटून त्यांनी मला फोन केला होता. आता तिथं भिंत आहे आणि आत हिरवळ.

बाईंनी कासार आंबोलीला छोटं घर घेतलंय. मामा दर रविवारी एसटीनं तिकडे जातात. या भादव्यात मी त्यांना गाडीनं घेऊन गेलो. कुंपणालगत मक्याच्या दोन ओळी, बस्स. मामा एकेका ताटापाशी थांबत, कणीस हलकेच दाबून बघत होते. शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ कुंपणापाशी आले आणि त्यांनी विचारलं, "छान आलाय हो मका. कुठला आहे हा?"

"माज्या आईचा हाय," मामा म्हणाले.

ते गृहस्थ पुढचं ऐकायला थांबले. मीही थांबलो. पण मामा पुढच्या ताटाकडे गेले होते.