हेलिकॉप्टरच्या पोटाखालची भोकं

आमच्या कॉलनीच्या बागेत हवाई दलातून निवृत्त झालेलं एक हेलिकॉप्टर उभं आहे. आता कमिटीला त्याच्या शेजारी एक लढाऊ विमानही हवंय. अर्ज तयार झाला. त्यावर तांत्रिक सल्लागार म्हणून माझं नाव छापलं, तेही मला न विचारता. म्हणून हे लिहायला बसलो. जे तीन वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते आता लिहितोय, याची मला लाज वाटते.

हवाई दलात माझी सगळी नोकरी हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर गेली. पत्रे, रिव्हेट, दारं, केबिनची जमीन. निवृत्तीनंतर रायपूरला घर केलं आणि कमिटीच्या लोकांनी मला पकडलं. हे हेलिकॉप्टर आलं तेव्हा सगळ्यात जास्त मीच नाचलो होतो. एक जण म्हणाला, "अंकल, नहीं तो बेचारा सिलतरा की भट्टी में जाता." सिलतऱ्याच्या कारखान्यांतल्या त्या भट्ट्या लोखंडाच्या आणि हे बहुतेक अ‍ॅल्युमिनियम, एवढंही त्याला माहीत नव्हतं. पण तेव्हा मला राग आला नाही, डोळ्यांत पाणी आलं.

मग काय झालं? विश्वकर्मा पूजेला त्याच्या चाकावर नारळ फुटू लागले. शेपटीवर कुणीतरी बदाम कोरून दोन अक्षरं लिहिली. दारात गुटख्याच्या पिचकाऱ्या. दर ऑगस्टला झेंडावंदनाच्या आधी वरून ऑइलपेंट, की झालं नवं. आतून कुणी बघायचं नाही. आणि दर वर्षी 'मुलांना चढण्यास सुरक्षित' अशा कागदावर सही माझी.

रंगाचं काम शहरातल्याच गुढ़ियारी वस्तीतला एक पेंटर करायचा. पन्नाशीचा, कमी बोलणारा. तीन वर्षांपूर्वी तो सहीचा कागद घेऊन घरी आला आणि दारातच उभा राहिला.

"बाबूजी, पेट के नीचे छोटे-छोटे छेद हैं. पानी टपकता है, टाइल्स पर दाग पड़ता है. सेक्रेटरी साहब बोले, पुट्टी से भर दो. भर दूँ?"

मी जेवत होतो. वरणभात गार होत होता. म्हणालो, "जो साहब बोलें, कर दो भैया." आणि उजवा हात पुसून, डाव्या हाताने कागद धरून सही केली.

ती भोकं आत शिरलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून असतात. तीस वर्षं मी ती तारेनं साफ केली होती. एक जरी बुजलेलं दिसलं तर नव्या पोरांची मी सगळ्यांसमोर कानउघाडणी करायचो. आणि इथे एक माणूस मुद्दाम विचारायला आला, तर मला माझा भात महत्त्वाचा वाटला.

उरलेल्या पावसाचं पाणी आत साचलं, आधीच कुजत आलेली जमीन पार गेली. दिवाळीनंतर एका मुलीचा पाय केबिनच्या जमिनीतून गुडघ्यापर्यंत खाली गेला. पत्र्याने पोटरी चिरली, टाके पडले. ती बरी झाली. कमिटीने रजिस्टरमध्ये लिहिलं की पेंटरने अज्ञानामुळे परस्पर भोकं बुजवली. त्याला काढून टाकलं. बैठकीला मी हजर होतो. पेंटर माझ्याकडे बघत होता. मी चष्मा पुसत होतो.

हे मी मागच्या आठवड्यात बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आता काहून उकरून राहिले? कोणी विचारून राहिलं का तुम्हाले?"

"कोणी विचारून नाही राहिलं, म्हणूनच."

"मंग जा. पण तिथं जाऊन भांडू नका, बीपी वाढते."

भांडण झालंच. मी बैठकीत माझा लेखी जबाब ठेवला : पेंटरने विचारलं होतं, होकार मी दिला, न बघता सही मी केली. रजिस्टर दुरुस्त करा. सेक्रेटरी हसला. "अरे अंकल जी, पुरानी बात है. आप तो बस फाइटर प्लेन का बताइए, नाक किधर रखें? गेट की तरफ?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, नाक कुठेही ठेवा, पोटाखाली वाकून बघणार कोण ते आधी ठरवा. ज्यांना माणूस नेमायचा नाही त्यांनी विमान मागू नये. इंजिनिअरिंग कॉलेजला द्या, पोरं खोलतील, जोडतील, शिकतील. एखादं संग्रहालय छपराखाली ठेवत असेल तर त्याला द्या. बाकी सरळ कापा आणि वितळवा. त्यात कसला अपमान? नोकरी संपलेल्या यंत्राला चौथऱ्यावर उभं करून कुजवायचं आणि त्याच्यापुढे सेल्फी काढायची, याला तुम्ही सन्मान म्हणता? एक बाई म्हणाली, "लेकिन अंकल, बच्चों को प्रेरणा मिलती है." मी म्हटलं, टाकेपण मिळतात.

शेवटी रजिस्टरमध्ये माझ्या जबाबाच्या दोन ओळी चढल्या. तासभर लागला. त्याची शिक्का मारलेली प्रत घेऊन मी गुढ़ियारीला गेलो.

पेंटर ओट्यावर ब्रश धूत होता. या असं म्हणाला नाही. मी कागद पुढे केला, सगळं सांगितलं. त्याने ब्रश डब्यात उभा केला. मग म्हणाला, "तीन साल से पारा में सब मोला हेलीकॉप्टर कहिथे, बाबूजी." साऱ्या मोहल्ल्याने त्याला ते नाव ठेवलं होतं, आणि कॉलन्यांतली कामं तेव्हाच गेली होती. सिलतऱ्यात शेडचे पत्रे रंगवून तो दिवस काढत होता.

मी माफी मागितली. त्याने घरातल्या मुलीला हाक मारली, कागद तिच्या हातात दिला.

"पढ़ तो बेटी. जोर से पढ़, सामने वाले घर तक सुनाई दे."

तिने पहिली ओळ वाचली. समोरच्या दारात दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. माझं नाव आलं तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. मी तिथेच, गल्लीत, चपला घालून उभा होतो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं.