मामांची सुरमई

मुरुडपासून काशीदपर्यंतच्या किनाऱ्यावर माझ्या बायकोच्या मामांइतक्या निर्मळ मनाने थापा मारणारा दुसरा माणूस झालेला नाही. होडी मुलाच्या हवाली केल्यापासून ओट्यावर बसून एकच जुनी सुरमई पुन्हा पुन्हा पकडणे हाच त्यांचा व्यवसाय. दोन्ही हात फाकवून ते तिची लांबी दाखवत, आणि ती दर दिवाळीला थोडी वाढे. मामींना त्यातलं अक्षरही पटत नसे. घशाच्या कॅन्सरमुळे मामांचं स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्ही हादरलो. माणूस वाचणार होता, पण मामांमधून बोलणं वजा केलं तर उरतं काय? ऑपरेशननंतर काही महिने ते पाटीवर लिहीत, "बरा हाय." बस्स, एवढंच. पाटीवर थापा मारता येत नसाव्यात.

पुढे, नाकाऐवजी श्वास घ्यायला मानेत पाडलेल्या भोकाच्या आत एक छोटी झडप बसवली. भोक अंगठ्याने दाबलं की आवाज फुटे, घोगरा, पण मामांचाच. वास घेणं कायमचं गेलं, समुद्रात डुंबायची बंदी आली. मामांनी तेही हसत पचवलं. म्हणाले, "बरंच हाय की. सुकी मासली वालत असली तरी बाजूला बसून चाय पितो." एक गोष्ट मात्र त्यांना सोसेना. बोलायला एक हात गळ्याशी गुंतला, मग सुरमई दाखवायची कशी? त्यातून गळ्याला हात लावून बोलणं म्हणजे आपल्याकडे शपथच. आळीतली पोरं विचारत, "आजोबा, गळ्याशप्पथ?" मामा ओशाळून मासा आखडता घेत. एकदा तर तो बांगड्याएवढा झाला.

गेल्या महिन्यात मी तिथे असताना दोन पर्यटक रस्ता विचारायला ओट्याशी थांबले. मामांनी सुरमई सांगायला अंगठा गळ्याशी नेला, दुसरा हात लांब केला आणि तिथेच अडकले. मामी कोळंबी सोलत होत्या. त्या उठल्या, हात पदराला पुसले, मामांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि दुसऱ्या बाजूला आपला हात असा ताणला की मामाच चरकले.

"एवढी नव्हती गो," ते हळूच म्हणाले.

"तुमी बोला," मामी म्हणाल्या. "मी हाय ना धरून."

मामा बोलू लागले. मामींचा हात भरून आला असणार, पण तो खाली आला नाही. ही सुरमई अजून पुष्कळ वर्षं पकडली जावो, एवढंच मी मनात म्हटलं.