मागच्या बाकावरची पट्टी

सलाम मंडळी! आज इतकी खूश आहे की स्वयंपाकाला लागायच्या आधी हे लिहितेय.

मला गाणं आवडतं, पण तेवढंच. भांडी घासताना गुणगुणते आणि शब्द विसरले की पहिलंच कडवं परत म्हणते. आमच्या शेवगावच्या चर्चमध्ये क्वायर माझे दीर बघतात. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "वहिनी, तुम्हाला गाण्याचं वेड न्हाई. तुमी मागच्या बाकावरच बऱ्या."

आज उपासना सुरू होतानाच लाईट गेली आणि कीबोर्ड बंद पडला. त्याच्या सुराशिवाय क्वायरला सुरुवातच करता येईना. पाळकसाहेब पुस्तक उघडून नुसते उभे.

मला काही राहवेना. मी मागूनच गीत उचललं, भांडी घासतानाच्या त्याच खालच्या पट्टीत.

आणि अख्खं चर्च गायला लागलं! एरवी क्वायरची पट्टी इतकी वर असते की आम्ही नुसते ओठ हलवतो. तिसऱ्या कडव्याला मी शब्द विसरले, तर लोकांनीच ते पुढं नेलं.

बाहेर पडताना शेजारच्या मार्थाआजींनी हात धरला. "लई वर्सांनी माझा आवाज पोचला गं, पोरी."

दीर म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी पुढं उभ्या ऱ्हावा."

म्हटलं, "भाऊजी, मी मागंच बरी. तुमी फक्त पट्टी खाली घ्या."

भांडी घासताना गाणारे आणखी कोण कोण आहात इथं? जरा मोठ्यानं म्हणा की!