महालक्ष्म्यांची कहाणी आणि नवऱ्याचं सॉफ्टवेअर

माझं माहेर धारचं, शिक्षण सगळं हिंदीतून. देवासला सासरी आले, सासूबाईंनी माझं मराठी ऐकलं आणि महालक्ष्म्यांची कहाणी हिच्या हाती द्यायची नाही, असं ठरवून टाकलं. मला मात्र ती वाचायचीच होती. पुरण मी वाटायचं, फुलोरा मी तळायचा आणि कहाणीच्या वेळी दाराशी बसायचं, याचा मला भयंकर राग यायचा.

एका वर्षी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचन बंद. आता तरी माझा नंबर लागेल म्हटलं, तर नवरा मध्ये कडमडला. गाणी डाउनलोड करून नीट लावून ठेवणारं एक सॉफ्टवेअर त्याने इंटरनेटवरून फुकटात मिळवलं होतं आणि आल्यागेल्याला तो त्याचंच कौतुक ऐकवायचा. ऑपरेशनच्या आधीच त्याने आईच्या आवाजात कहाणी भरून ठेवली होती, तीही तुकड्यातुकड्यांनी, कारण मध्येच कुकर शिट्ट्या मारायचा. सॉफ्टवेअरने ते तुकडे ‘अनोळखी कलाकार’ म्हणून लावले. “अनोळखी? मी?” म्हणत सासूबाई धुमसत राहिल्या.

पूजा झाली. बायका हातात अक्षता घेऊन कॉम्प्युटरपुढे बसल्या. “सब सेट है, आई,” म्हणत नवऱ्याने बटण दाबलं. पण गाणी उलटसुलट क्रमाने वाजवायची सोय त्याने चालूच ठेवली होती, त्यामुळे कहाणीचा शेवट आधी लागला. ‘सुफळ संपूर्ण’ ऐकताच भुकेल्या बायकांनी अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि जेवायला उठल्या. तेवढ्यात कहाणीतला गरीब ब्राह्मण तळ्यात जीव द्यायला निघाला आणि त्याच्या पाठोपाठ ढॅणढॅण करत वरातीतलं गाणं सुरू झालं. मी तोंडात पदर कोंबून हसले.

“बंद कर ते!” सासूबाई कडाडल्या. नवऱ्याला बटण सापडेना, शेवटी त्याने वायरच ओढली. बायका पुन्हा खाली बसल्या. सासूबाईंनी हाताने चाचपून पोथी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली.

“वाच.”

त्या जुन्या मराठीत ठेचकाळत, घामाघूम होत मी वाचली, पण शेवटपर्यंत वाचली. शेजारच्या काकू कुजबुजल्या, “सून फार अडखळते हो तुमची.”

“अडखळते खरी,” सासूबाई म्हणाल्या, “पण क्रमाने अडखळते. पुढच्या वर्षीही तीच वाचेल.”

इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.