जगाच्या मोजणीत माझ्या माहेरचे ऐन

मी बोलते आणि माझी नात मनू टाईप करते. मधेच ती माझी वाक्यं सरळ करते, ती मी पुन्हा वाकडी करून घेते. अक्षर मला येत नाही, पण माझ्या वाक्याचा सूर बदलला की कानाला कळतं.

झालं असं की मनू कॉलेजातून आकाशातून काढलेला जमिनीचा एक फोटो घेऊन आली. जगात झाडं किती, याचा म्हणे असाच अंदाज काढतात. सगळी कोण मोजणार? जागोजागी छोटे तुकडे पायाने फिरून मोजायचे, ते फोटोशी ताडायचे आणि त्यावरून बाकीच्या जगाचं ठरवायचं. मला पटलं. हंडीतलं एक डावभर कालवण चाखूनच मीठ बघतो की आपण. तिच्या वाट्याला काही तुकडे आले होते आणि त्यातला एक निघाला तलासरीकडचा, माझ्या माहेरच्या उताराचा. त्यावर तिने लिहिलं होतं, उजाड.

"उजाड?" मी म्हटलं. "ज्या ऐनाच्या झाडांच्या राबावर आमचा भात झाला, ती कुठे गेली?"

मनू म्हणाली, फोटोत सावलीच दिसत नाही. परवा कॉलेजात कागद द्यायचे होते. मी म्हटलं, मग उद्या जाऊ.

तुम्हाला जायचं असेल तर सकाळची एसटी धरा. पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीट नाही आणि बायकांना अर्धं, म्हणजे आमच्या घरात म्हातारीच सगळ्यात स्वस्त पडते. डहाणूहून चारोटीपर्यंत रस्ता चांगला. तिथे उतरून हायवेला तलासरीची जीप मिळते. शंभराची नोट दिली तर दोघींचं भागून सुट्टे परत येतात. जीप भरेपर्यंत हलत नाही, तेवढ्यात चहा होतो. तलासरीहून रिक्षा नाल्यापर्यंतच जाते, पुढे चालायचं. चप्पल बंदाची घाला. मी घातली नव्हती, त्याबद्दल मनूने वाटभर ऐकवलं.

भाऊ गोविंद अंगणातच होता. भावजयीने तांदळाची भाकरी, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी वाढली. मनूने फोटो दाखवला, तर गोविंद हसत सुटला. "बाय, आताच तर राब तोडलाय. दिसणार काय?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत ऐनाच्या फांद्या तोडून वाळवायच्या, मग भाताचं रोप जिथे करायचं त्या वाफ्यावर पसरून जाळायच्या. याला राब म्हणतात. तोडताना शेंडा तेवढा ठेवायचा, म्हणजे झाड जगतं. पण वर्षातले काही महिने झाड दिसतं कसं? उभा खांब, डोक्यावर चार पानांची शेंडी. नेमका त्याच वेळी वरून फोटो काढला होता.

आम्ही उतारावर दोरी टाकून चौकोन आखला. मनूने मला सुतळीचा तुकडा दिला. छातीच्या उंचीवर खोडाला गुंडाळायचा, टोकं भेटली तर झाड बारीक, ते धरायचं नाही. भेटली नाहीत तर झाड. मी कामाला लागले. पान खायचा चुना कमरेलाच होता, प्रत्येक झाडावर एक बोट ओढत गेले. चाळीस झाली. गोविंदला म्हटलं, बघ, उजाड म्हणतात याला.

मनू मागून आली आणि एका चुन्याजवळ उभी राहिली.

"आजी, हे माझ्या कमरेला येतंय."

"तू उंच झालीस त्याला मी काय करू?"

मग कळलं, छाती कुणाचीही चालत नाही. उंची ठरलेली असते, सगळ्या जगात एकच. त्यात मी उताराच्या खालच्या अंगाला उभी राहून मोजलं होतं, म्हणजे खोड बुंध्याशीच धरलं, जिथे ते जाडच असतं. मनूने मापाने काठी तोडली, वरच्या अंगाने टेकवली आणि पुन्हा सुरुवात केली. पहिलंच झाड गळालं, मग आणखी एक.

गोविंद म्हणाला, "राहू दे गं. कोण येतंय इथे बघायला?"

खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. चाळीस हा आकडा तोंडात बसला होता. पण फोटोवाल्यांना खोटं पाडायला मी एवढी वाट तुडवली, आणि मीच खोटं लिहू? मी पदर ओला केला आणि जी गळाली त्यांच्यावरचा चुना स्वतः पुसला. गुडघे बोलत होते, मी ऐकलं नाही. शेवटी एकतीस राहिली.

परतीची एसटी चारोटीला उभीच होती. खिडकीतून मी हायवेच्या कडेचे उतार बघत आले. जिथे तिथे तेच खांब, तीच शेंडी. जाताना हे मला दिसलं नव्हतं.

घरी मनूने उजाड खोडून एकतीस लिहिलं आणि शेजारी राबाची हकीकत. मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. "एवढ्याने जगाचा आकडा हलेल का?" मी विचारलं. नाही म्हणाली. मग बाकीच्या उतारांचं विचारलं, त्यांच्यावर काय लिहिलंय. तिने फोटोवर एकेका उतारावर बोट ठेवत वाचलं, उजाड, उजाड.

मी म्हटलं, "तुझ्या सरांना सांग, तोडलेलं झाड मेलेलं नसतं. आणि त्यांना पटलं नाही तर विचार, बंदाची चप्पल आहे का त्यांच्याकडे."