पहारकाकीची खार

पहारकाकीच्या चपलांना गाडीच्या टायरचे तळ होते. साध्या चपलेतून वेड्या बाभळीचा काटा आरपार जायचा, म्हणून तिने ते मुद्दाम लावून घेतले होते. हळदीकुंकवालाही ती त्याच घालून यायची. दारात चपला काढल्या की बायका हसायच्या, आणि सगळ्यांत मोठ्याने तीच हसायची.

मी लग्न होऊन जिते गावाजवळच्या या खेड्यात आले तेव्हा खाडीचा बांध फुटलेला होता. खारं पाणी शिरून खार, म्हणजे खाडीकाठची भातशेती, पडीक झाली होती आणि तिच्यावर वेडी बाभूळ माजली होती. आधी आयतं सरपण म्हणून सगळे खूश होते. मग गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि आपल्याच शेताकडे जायची वाट बंद झाली. काकीचे मालक वारलेले. दीर जमीन विकायला निघाले.

"वहिनी, त्या काट्यांत काय हाय आता?"

"तुमच्या भावाची मेहनत हाय. एक पावसाळा थांबा, भावजी."

ती कोयता घेऊन एकटीच शिरली. शेजारचं भाताचं खाचर हसीनाबींचं, त्यांचे मालक आखातात. त्या आल्या, मग मी गेले. थंडीभर आम्ही झुडपं तोडली. होळीपर्यंत प्रत्येक खुंटाला दुप्पट फुटवे आले. त्या दिवशी काकी बांधावर बसून रडली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी खांद्यावर पहार घेऊन ती दारात उभी. "चल गो. फांद्यांशी भांडून उपयोग नाय, बुडका उपटायचा."

उन्हाळाभर आम्ही बुडके उपटले. हातांची सालं निघाली, पण आमच्यामागे आळीतल्या बायका आल्या, त्यांच्यामागे पुरुष. पावसाआधी सगळ्यांनी मिळून बांध घातला. पावसाने मीठ धुऊन नेलं आणि काकीने खारीतला लाल भात पेरला.

कापणीला दीर आले. बांधावर चपला काढून ठेवल्या. मग म्हणाले, "वहिनी, अजून एक विळा हाय का?"

काकीने स्वतःचा विळा त्यांच्या हातात दिला.

पुढे गुडघे थकले, तशी लेक तिला रोह्याला घेऊन गेली. निघताना मी रडायला लागले तर तिने दटावलं, "रडतेस काय गो? कापणीला येनार हाय मी."

आणि ती दर कापणीला येते. यंदा गावापासून खाडीपर्यंत एकही खाचर पडीक नव्हतं. माझ्या खांद्याला धरून काकी बांधावर चढली आणि पिकलेल्या भाताकडे पाहतच राहिली.

"हसीना," तिने खाली भात कापणाऱ्या हसीनाबींना हाक मारली, "एवढी जमीन होती गो आपली?"