मंगलवहिनी आणि नंदाचा शेवटचा भाग

आज सकाळी माझी वहिनी वारली.

असं कोणाबद्दल म्हटलेलं तिला अजिबात आवडायचं नाही. त्याच्यावरून ती इंटरनेटवर कित्येक महिने भांडली होती.

मंगलवहिनी, माझ्या मोठ्या भावाची बायको. सुरतेच्या कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालायची. मग किडन्या गेल्या आणि डायलिसिस मागे लागलं.

दादा पलसाण्याला डाइंग मिलमध्ये, त्याला सुट्टी म्हणजे नवसच. माझी हजीऱ्याला शिफ्ट ड्युटी, म्हणून तिला बाइकवर न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे.

त्या डायलिसिसच्या खोलीत एक रिवाज होता. एखादी खुर्ची रिकामी दिसली तर कोणी काही विचारायचं नाही. सिस्टर आपणहून सांगायची, "गाम गया," म्हणजे गावी गेले.

सुरतेत प्रत्येकाला कुठलं ना कुठलं गाव असतंच. त्यामुळे सगळे मान डोलवायचे आणि दुसरीकडे बघायचे.

वहिनीच्या एका हातात सुया, दुसऱ्या हातात मोबाइल. वेळ जावा म्हणून जुनी मराठी मालिका लावायची.

शेजारच्या खुर्चीवर कतारगामच्या हंसाबेन. त्यांना मराठी येत नव्हतं, पण मान वाकडी करून सगळं बघायच्या. वहिनी त्यांना गुजरातीत सांगायची, मध्येमध्ये स्वतःचा मसाला घालून.

एका भागात मालिकेतली नंदा सासूशी भांडून नदीकडे जाते. घाटावर नुसत्या चपला दिसतात. नंतर सासू देवघरात दिवा लावते आणि भाग संपतो.

कोणालाही लिहिता येतं अशा एका ऑनलाइन ज्ञानकोशात त्या भागाचं पान होतं. त्यात लिहिलेलं, "या भागात नंदाचा मृत्यू होतो."

वहिनी भडकली आणि आपल्या अहिराणीवर आली. "कोणी दखं का तिले मरतांना?"

तिने खातं उघडलं. अंगठ्याने टाइप करत ते वाक्य बदललं. "नंदा घर सोडून जाते. पुढे तिचं काय झालं ते दाखवलेलं नाही."

तासाभरात वाक्य गायब.

काढणारा 'पाणघोडा' नावाचा कोणी संपादक होता. त्याने विचारलं, "संदर्भ?"

वहिनीने चर्चापानावर लिहिलं, "घरात सुतक असतं तर सासूने देवाला हात लावला असता का?"

येताना तिने हे सांगितलं तेव्हा मी तर बाइकवर हसून हसून बेजार. पण सांगा, मुद्दा बिनतोड होता की नाही?

पाणघोडा म्हणाला, "हा तुमचा निष्कर्ष आहे. छापील संदर्भ द्या."

वहिनीने दिला. "आमच्या शेजारी बसणाऱ्या हंसाबेननेही हा भाग पाहिला आहे."

"हंसाबेन हा विश्वसनीय स्रोत नाही."

वहिनीने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा हंसाबेन खुर्चीत ताठ बसल्या. "हुं विश्वासपात्र नथी? में मारी आंखे जोयुं छे!" स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय म्हणे.

मग काय, ती बदलणार, तो काढणार. शेवटी ज्ञानकोशवाल्यांनी वहिनीचं खातं काही दिवस बंद केलं. त्या दिवसांत ती घरात अशी फिरायची, जसं काही माहेरच्यांनी तोंड फिरवलंय.

मी वैतागलो. म्हटलं, "वहिनी, सोड ना. मालिकेतली बाई ती."

ती म्हणाली, "तू त्या खोलीमा बसस का?"

त्या खुर्चीत बसून तिला एवढंच हवं होतं, की डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणी कोणाला मेलं म्हणू नये. निदान नंदाला तरी नाही.

खातं सुरू झालं आणि ती संदर्भाच्या मागे लागली. जुने पेपर, पुरवण्या, मुलाखती, जे ऑनलाइन सापडेल ते सगळं चाळलं.

आणि सापडलं.

नंदाचं काम करणाऱ्या नटीची जुनी मुलाखत. रविवारच्या पुरवणीत छापलेली. तिने सरळ सांगितलं होतं, मला मालिका सोडायची होती, म्हणून त्याच भागात माझं पात्र मारलं.

वहिनीने मोबाइल पालथा ठेवला.

पुढच्या वेळी खुर्चीत बसल्या बसल्या तिने स्वतःचं वाक्य स्वतःच काढलं. "या भागात नंदाचा मृत्यू होतो," असं लिहिलं आणि खाली त्या मुलाखतीचा संदर्भ जोडला.

हंसाबेन हळहळल्या, कोणाला कळणार होतं म्हणून. "कोने खबर पडवानी हती, मंगलबेन?"

मीही तेच म्हटलं. पाणघोड्याला ती मुलाखत सापडलीच नव्हती. गुपचूप बसली असती तर काय बिघडलं असतं?

"मी वाचं ना, भाऊ. आते नही वाचं असं कसं सांगू?"

माझ्या वहिनीचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता. आणि इतकं वाईटही.

पाणघोड्याने तिला एका ओळीत धन्यवाद दिले. त्या वाक्याला नंतर कोणी हात लावला नाही.

पुढे काही आठवड्यांनी हंसाबेनची खुर्ची रिकामी दिसली. सिस्टर म्हणाली, "गाम गया."

वहिनीने तिचा हात धरला आणि सरळ विचारलं. सिस्टरने खाली बघत मान हलवली. वहिनीने सुया टोचलेला हात तसाच ठेवून दुसरा हात कपाळाला लावला.

येताना बाइकवर मागून म्हणाली, "हंसाबेन वारी गई, भाऊ."

मी तिला रडू दिलं. उड्डाणपुलावर गाडी हळू चालवली.

आज स्मशानातून आल्यावर तिचा फोन चार्जिंगला लावला. दादाच्याने ते होईना.

फोन सुरू झाला तर पाणघोड्याचा निरोप.

"ताई, पुढच्या भागाचं पान अजून कोणीच लिहिलेलं नाही. तुम्ही सुरू कराल का? मी मध्ये येणार नाही."

मी लिहिलं, "मी त्यांचा दीर. वहिनी आज सकाळी वारली." आणि पाठवून दिलं.

जा वहिनी, सुखाने जा.

फक्त एवढं ऐकून जा. तुला लिहायला बोलावलं होतं.